काकांची तोंडी परीक्षा

माझ्या धाकट्या चुलत्यांइतक्या मनापासून कडी लावणारा माणूस अख्ख्या मावळात नसेल. गोठ्याची कडी लावायची, ओढून पाहायची, कुंपणापर्यंत यायचं आणि परत जाऊन ओढायची. एस्टीच्या स्टॉपवर पोचलं की पुन्हा एकदा. "तुमी व्हा फुडं, मी आलोच," म्हणून माघारी फिरलेले काका सख्ख्या बहिणीच्या लग्नाला पंगती उठल्यावर पोचले होते. शेजारचे आबा म्हणायचे, म्हशीला बोलता आलं असतं तर तिनंच आतून 'लागलीय' म्हणून सांगितलं असतं. काकाही हसायचे, आणि हसता हसता गोठ्याकडे बघायचे.

पण या कडीपायी तळेगावची नोकरी गेली, मग घराबाहेर पडणंच थांबलं. डॉक्टरांनी लोणावळ्याला मनाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून तयारी माझ्याकडे आली. मला तयारी माहीत होती ती परीक्षेची. मी मोबाइलवर शोधून तीस प्रश्न काढले, वहीच्या पानावर उत्तरं लिहिली आणि आठवडाभर काकांकडून घोकून घेतली. झोप लागते का? लागते. भीती वाटते का? नाही. आज वार कोणता? तपासणी गुरुवारी होती, म्हणून काका सोमवारपासून रोज 'गुरुवार' म्हणत होते. कडीचं नाव काढायचं नाही, असं मी बजावलं होतं. ते पास व्हावेत असं मला वाटत होतं, आणि नापास झाले तर मी कोणाची पुतणी ठरेन, हेही वाटत होतं.

दवाखान्याबाहेर वर्गातली एक मैत्रीण भेटली. काका तेव्हा तिथलं फाटक तिसऱ्यांदा ओढून बघत होते. "हे कोण गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "आमच्या गावातले आहेत एक." काका दोन हातांवर होते.

आत तपासणी घेणाऱ्या मॅडमना काकांनी माझी सगळी उत्तरं न अडखळता दिली. मी खूश होते. मग मॅडमनी सहज विचारलं, सोबत कोण आलंय? हा प्रश्न कागदावर नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, नीट आठवलं आणि म्हणाले, "गावातली हाय एक पोरगी."

आवाजात जराही राग नव्हता. तेही मी शिकवलेलंच उत्तर होतं. माझी मान वर होईना. तशीच म्हणाले, "मॅडम, मी यांची पुतणी आहे. ही उत्तरं मी पाठ करून घेतलीत." मॅडम रागावल्या नाहीत. इथे पास-नापास काही नसतं, म्हणाल्या, आणि काकांना त्यांचा दिवस कसा जातो ते विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवल्यावर त्यांनी गोठ्यापासून सुरुवात केली. "कडी उघडी ऱ्हायली, तर घरातल्या कुनाचं तरी वाईट व्हईल असं वाटतं. ही शिकायला भाईर असती. हिचं बी."

परतीच्या एस्टीत काकांनी तो कागद मागितला. "खरं उत्तर पुतनी, व्हय? लिव्ह खाली. फुडच्या टायमाला चुकायला नको." मी एकतिसावा प्रश्न लिहिला. ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही.

आता ते उपचारांसाठी लोणावळ्याला एकटे जातात. स्टॉपवरून एकदाच माघारी फिरतात. कागद सदऱ्याच्या खिशात असतो, घडीवर फाटत आलेला. नवा लिहून देते म्हटलं, तर राहू दे म्हणतात.