आर्डिस क्वामेचे हजार पौंडी दांडे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आर्डिस क्वामे धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर, पिकअप आणि ट्रेलरच्या मधल्या जागेत गुडघे टेकून नट आवळत होती. वय अडुसष्ट. सातला गव्हाचे ट्रक येतात, तोवर काटा तिचा.

नवरा नॉर्मन गेल्यावर तिने घर विकलं आणि ती सव्वीस फुटी ट्रेलरमध्ये राहू लागली. सप्टेंबरअखेर ट्रेलर ओढत तीनशे मैल पूर्वेला, रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाच्या हंगामावर कामाला जायचं, हा दोघांचा नेम होता. यंदा ती एकटी जाणार होती. पण वसंतात हायवेवर ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला होता, आणि ते दीर डेलमारच्या कानावर गेलं होतं.

गुरुवारी तिचं आणि डेलमारचं ठरलं. ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या भागावर बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगवर ताबा राहत नाही. ट्रेलर जोडायच्या सांध्याचे, म्हणजे हिचचे, स्प्रिंगदांडे ते वजन पुन्हा पुढे ढकलतात. पुढून गेलेल्या वजनातलं निम्मं परत आलं, तर ती जाणार. नाही आलं, तर ट्रेलर डेलमारच्या अंगणात आणि ती त्याच्या तळघरातल्या खोलीत.

जुना हिच नॉर्मनने विक्रेत्याच्या पुस्तिकेवरून घेतला होता: सहाशे पौंडी. पुस्तिकेतला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि आमच्याकडे रिकामा ट्रेलर कोणी नेत नाही. नॉर्मनच्याही ट्रेलरमध्ये पुढच्या पलंगाखाली चोकचेरी जॅमच्या आणि लोणच्याच्या चौसष्ट बरण्या, शेजारी हरणाच्या सॉसेजचा फ्रीजर. आर्डिसने सगळं भरून नाकाचा भार मोजला: आठशे ऐंशी.

डेलमार म्हणाला होता, "चौदाशेवाले घे. जाड ते जाड."

"जाड दांडा वाकत नाही, डेलमार. प्रत्येक खड्ड्याला पिकअपची कंबर मोडेल. मी हजारवाले घेतलेत."

"दुकानदारापेक्षा तुला जास्त कळतं?"

"दुकानदाराने माझं लोणचं मोजलेलं नाही."

आज काट्यावर आधी नुसत्या पिकअपची पुढची चाकं तीन हजार साठ पौंड भरली. ट्रेलर जोडला, दांडे मोकळे ठेवले: दोन हजार सातशे. तीनशे साठ गेले होते, निदान एकशे ऐंशी परत हवे होते. तिने दांडे ताणून साखळ्या अडकवल्या.

काटेवाला लाइल शाउअर खिडकीतून म्हणाला, "दोन हजार आठशे वीस."

एकशे वीसच. काट्याशेजारी उभ्या डेलमारने कॉफीचा घोट घेतला. "खोलीला नवा हीटर बसवलाय, आर्डिस. उबदार आहे."

"तूच झोप तिथे."

"शब्द दिला होतास."

"निम्म्याचा दिला होता. एका फेरीचा नाही. लाइल, काटा बंद करू नकोस."

तिने ट्रेलर उचलून सोडवला, हिचचं डोकं खोललं आणि ते मागे कलून दांडे जास्त ताणले जावेत म्हणून दोन वायसर जास्त घातले. डेलमार पुढे आला. "आण, मी आवळतो."

"हात खिशात ठेव. उद्या रस्त्यात तू नसणारेस."

"हट्टी आहेस. नॉर्मन उगाच नाही म्हणायचा."

"नॉर्मन सहाशेवाले दांडे घेऊन आला होता."

लाइल खिडकीत हसला आणि लगेच खोकला. सहा पन्नासला तिने पुन्हा जोडणी केली, साखळ्या त्याच कडीला अडकवल्या. रस्त्यावर गव्हाचा पहिला ट्रक उभा राहिला होता, चालक हॉर्न देत होता.

"दोन हजार नऊशे साठ," लाइल म्हणाला. दोनशे साठ परत आले होते.

डेलमार खिडकीपाशी गेला आणि त्याने स्वतः आकडा वाचला. मग म्हणाला, "वाऱ्याचं बघ. बिस्मार्क शहराच्या पुढे आडवा येतो."

"दरवर्षी येतो," आर्डिस म्हणाली आणि काट्यावरून खाली उतरायला पिकअप सुरू केली.

उद्या पहाटे साडेपाचला ती निघेल. पन्नास मैलांवरच्या पेट्रोलपंपावर पहिला थांबा. नवा हिच असला की तिथे सगळे नट एकदा पुन्हा आवळायचे असतात.