ओविदने रंगवलेली गल्ली

न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या चर्चसमोर, चौकात, लिओकादी पंचवीस वर्षं पत्ते मांडून लोकांचं भविष्य सांगत होती. घडीचं टेबल, जांभळं कापड आणि नवऱ्याने हाताने रंगवलेले अठ्ठ्याहत्तर पत्ते, एवढाच तिचा संसार. नवरा ओविद दुकानांच्या पाट्या रंगवायचा. टॅरोच्या या पत्त्यांवर परक्यांचे राजे-राण्या कशाला, आपल्या वूडू पंथाचे देव काढू, असं एकदा त्याच्या मनाने घेतलं आणि चेहऱ्यांसाठी त्याने अख्खी गल्ली समोर बसवली. वाटा उघडून देणारा, कुबडीवर रेललेला लेग्बा म्हणजे बूट शिवणारा लंगडा सोस्थेन. प्रेमाची देवी एर्झुली म्हणजे केस कापणारी फिलोमिन. मरणाचा धनी बॅरन म्हणजे शववाहिका चालवणारा ओनेझिम.

ओविद गेला. दोन वर्षांनी पूर आला आणि गल्ली पांगली. कुणी ह्यूस्टनला, कुणी अटलांटाला, कुणी कायमचंच. परतली ती एकटी लिओकादी. आजूबाजूच्या घरांत आता चार दिवसांचे पाहुणे उतरायचे. सोमवारी ती राजमा-भात करायची, हाताला सवय म्हणून मोठ्या पातेल्यात, आणि गुरुवारपर्यंत तोच गरम करून खायची. बोलणं व्हायचं ते गिऱ्हाइकांशी, तेही त्यांच्याच नशिबाबद्दल.

पत्त्यांतली एक गोष्ट मात्र तिला सलत होती. ओविदने सगळ्यांना काढलं, तिला नाही. तो असताना विचारायला मानीपणा आड आला. तो गेल्यावर विचारणार कुणाला?

सोस्थेन ह्यूस्टनच्या वृद्धाश्रमात आहे, असं चर्चमधल्या एका बाईकडून कळलं, तेव्हा तिने पत्ते पिशवीत घातले आणि सकाळची बस धरली.

सोस्थेन नव्वदीला टेकला होता. तिला त्याने आधी ओळखलंच नाही. तिने पांघरुणावर लेग्बाचा पत्ता ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"ओविदने चुकीचा पाय लंगडा केला," तो म्हणाला. "तेव्हाच सांगितलं होतं त्याला. म्हणाला, देवाला चालतं."

मग एकेक पत्ता हातात घेऊन तो नावं सांगत गेला. फिलोमिनला उधारीवर बूट शिवून दिल्याचं आठवलं, ओनेझिमचं परक्यांच्या अंत्ययात्रेत खोटं खोटं रडणं आठवलं. लिओकादीला माहीत नसलेल्या दोघांचं मरणही त्यानेच सांगितलं. शेवटचा पत्ता खाली ठेवल्यावर तिने विचारलं, "यात मी का नाही, सोस्थेन?"

"अगं, तू बसलीस कधी?" तो म्हणाला. "रोज संध्याकाळी म्हणायचा बिचारा, घटकाभर बस गं. तुझ्या हातात इस्त्री. समोर बसल्याशिवाय तो कुणाला काढायचा नाही."

जोडधंदा म्हणून इस्त्रीला घरी आणलेल्या हॉटेलच्या चादरींचे ते ढीग तिला आठवले, दारात ब्रश घेऊन उभा राहणारा ओविद आठवला. आणि 'उद्या', 'उद्या' म्हणणारा आपलाच आवाज.

निघायची वेळ झाली तरी सोस्थेनने पत्ते सोडले नव्हते. नर्स म्हणाली, की महिनाभरात ते एवढं कुणाशी बोलले नाहीत. लिओकादीने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि बस गाठली.

त्यानंतर ती साध्या खेळायच्या पत्त्यांवर भविष्य सांगू लागली, तिची आई सांगायची तसं. रंगीत देव बघायला थांबणारी गिऱ्हाइकं पुढच्या टेबलाकडे वळली. तिने त्यांना हाक मारली नाही. दर रविवारी ती सोस्थेनला फोन करायची. आज पत्त्यांतून कोण कोण भेटलं ते तो सांगायचा, तीच तीच गोष्ट दोनदा, आणि ती खुर्चीत बसून, दोन्ही हात मोकळे सोडून, पुन्हा पहिल्यापासून ऐकायची.