पुतणीसाठी लावलेली खोली

आमच्या शाळेत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांकडून नव्या वर्षाचे संकल्प लिहून घेतात. मुलांना लिहायला लावायचं आणि आपण नुसतं फिरत राहायचं हे मला बरं वाटत नाही, म्हणून मीही एक कागद घेऊन बसतो. माझे संकल्प बरीच वर्षं तेच होते. सकाळी फिरायला जाणे, चहा दोनदाच घेणे. गेल्या डिसेंबरात मात्र एकच वाक्य लिहिलं. पुतणीला जानेवारीत लातूरला आणायचं आणि परीक्षेपर्यंत तिच्या अभ्यासाच्या आड काही येऊ द्यायचं नाही.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. गाव लोहा तालुक्यात. बारावी चांगल्या गुणांनी झाली, पण वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिली. अशी मुलं लातूरला खोली घेऊन पुन्हा तयारी करतात, आमच्या गल्लीतच तीन-चार घरांत आहेत. मी दादाला म्हणालो, खोली कशाला, माझं घर आहे. तो म्हणाला, "बघू की." दादा कोणत्याही गोष्टीला आधी बघू की म्हणतो, म्हणून मी ते हो धरलं.

दादाबद्दल आधी सांगायला हवं. वडील गेले तेव्हा तो नववीत होता आणि मी पाचवीत. दुसऱ्या दिवशीपासून तो शाळेत गेला नाही. मी नांदेडला वसतिगृहात राहून शिकलो, तेव्हा रोज सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ माझा डबा देऊन मग तो शेतात जायचा. एकदा पुरात रस्ता बंद होता तेवढे दोन दिवस सोडले, तर पाच वर्षांत डबा चुकला नाही. आमच्या भावकीत पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. ते माझ्या हुशारीनं झालं असं मी कधी मानलं नाही.

आमच्या घरात मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिच्यात पिठाचा डबा, जुने पेपर आणि कूलर असायचा. दिवाळीनंतर ती रिकामी केली. मोबाईलवर लहान खोल्या सजवण्याचे व्हिडिओ बघायची सवय मला त्याच काळात लागली. कमी जागेत टेबल कुठं, उजेड कोणत्या बाजूनं, भिंतीला रंग कोणता. मग रविवारी जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडू लागलो. एका दुकानात सागवानी टेबल मिळालं, वरची फळी किंचित उतरती, वह्या ठेवायला आत कप्पा. नांदेडला लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथल्या भंगारवाल्याकडे पितळी दिवा सापडला, मान हवी तिकडे वळवता येणारा. तार बदलून घेतली, चिंच लावून घासला, तर आरशासारखा झाला. चार खणांची रॅक सुताराकडून करून घेतली. भिंतीला फिक्कट पिस्ता रंग.

बायको दारात उभी राहून बघायची. "अहो, माझ्या स्वयंपाकघरात मांडणी पाहिजे म्हणून सहा वर्षं सांगून राहिले. पुतणी व्हायला पाहिजे होतं मी."

"तू परीक्षेला बसतेस का? तुलाही करून देतो."

"तुमच्या घरात रोजच परीक्षा हाय," म्हणत ती हसत आत गेली.

प्रत्येक वस्तू आणली की मी पुतणीला फोटो पाठवायचो. ती सूचना करायची. काका, टेबल खिडकीसमोर नको, लक्ष बाहेर जातं. काका, पडदा जाड घ्या. मी तसंच करायचो. वर्षाच्या शेवटी दादाचाच फोन आला. खोलीचे फोटो नीट सगळ्या बाजूंनी काढून पाठव, टेबलाची लांबी-रुंदी पण लिही. मला इतका आनंद झाला की टेप घेऊन दिव्याची उंचीसुद्धा मोजली. दादानं कधी माझ्या घरातल्या वस्तूंची चौकशी केली नव्हती. लेकीची खोली कशी आहे हे बापाला बघावंसं वाटलं, एवढंच माझ्या मनात आलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्यानं गावी बोलावलं. "चार माणसं येऊन राहिलीत, लिहायचं काम हाय." लिहायचं काम म्हणजे याद्या. आमच्याकडे लग्न ठरताना सुपारी फोडायच्या आधी यादी लिहितात. लग्न कुणाच्या दारात, मानपान कुणाचं, सामान काय, तारीख कोणती. चार माणसांत वाचून दाखवतात आणि दोन्हीकडचे सह्या करतात. अक्षर बरं म्हणून भावकीतल्या याद्या पंधरा वर्षं मीच लिहीत आलो. कुणाचं तरी असेल असं धरून मी अहमदपूरवरून लोह्याची एसटी पकडली. येताना पुतणीला घेऊनच यायचं म्हणून तिच्या पुस्तकांसाठी एक रिकामी बॅगही घेतली.

दारात कापड बांधलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. ओसरीच्या आत पुतणी वहिनीची रेशमी साडी नेसून बसली होती. मला बघून तिनं मान खाली घातली.

मी बसलो तसे नवऱ्या मुलाचे मामा शेजारी सरकले. त्यांच्या मोबाईलवर माझी खोली होती.

"मास्तर, टेबल सागाचंच हाय ना?"

"हो."

"आन् ही रॅक भिंतीतून सुटी होती का? न्हाई म्हंजे टेंपोत बसायला पाहिजे."

मला कळायला वेळ लागला. दादानं त्यांना सांगितलं होतं की मुलीच्या संसाराचं सामान लातूरला काकाकडे तयार आहे.

मी दादाला ट्रॅक्टरच्या शेडमागं नेलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे आवाज चढला.

"कधी ठरवलं?"

"मागल्या महिन्यात बघून गेले. पसंत पडलं."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर भाषण दिलं असतंस."

"दादा, ती परीक्षा देणार होती. मी खोली..."

"हाव, खोली. लई ग्वाड खोली हाय." तो चाकाला टेकला. "एकदा बसली परीक्षेला. न्हाई झालं. परत न्हाई झालं तर वय कोण थांबवणार, तू? मुलगा नांदेडला कंपनीत हाय, जमीन हाय, दारू न्हाई. म्या शाळा सोडली तवा मला कोण विचारलं का, तुला काय व्हायचंय?"

तो वाक्य पुरं करून थांबलाही नाही, कुणीतरी हाक मारली तसा गेला.

मग मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. पुतणी एकटीच होती. मला वाटलं ती रडेल, मला म्हणेल, काका, मला घेऊन चला. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

"तुला विचारलं होतं का?" मी म्हणालो.

"हो."

"आणि तू?"

"मी हो म्हणाले काका." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्यांच्या मावशी म्हणाल्या, लग्नानंतर शिकू देऊ. म्हणून फोटो मीच दाखवले. टेबल तिकडं असलं म्हणजे त्यांना त्या शब्दाची आठवण राहील."

"मला का नाही सांगितलंस? पंधरा दिवस तू मला पडद्याचा रंग सांगत होतीस."

"तुम्ही लई खूश होता," ती म्हणाली.

दादावर मी रागावू शकत होतो. हिच्यावर रागावताही येईना. माझी खोली, माझा संकल्प आणि मी, या तिघांपैकी कुणालाही न विचारता तिनं तिच्यापुरती तडजोड करून टाकली होती. आणि ती तरी किती, मावशीच्या एका शब्दावर.

बाहेरून बोलावणं आलं. सतरंजीवर कागद आणि पेन ठेवलं होतं. मी लिहायला बसलो. लग्न मुलीच्या दारात. मानपान ज्याचं त्यानं. सामानात पलंग, कपाट, भांडी. मामांनी सांगितलं, "सागवानी टेबल, रॅक, दिवा." तेही लिहिलं. तारीख फाल्गुनातली सांगितली. तिथं माझा हात थांबला. तारखेच्या वर मी एक ओळ घातली, मुलगी यंदाची प्रवेश परीक्षा देईल, लग्न त्यानंतर धरावं. मग उभा राहून यादी पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. ती ओळही वाचली.

मुलाचे वडील वयस्कर होते, त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मे-जूनमदी म्हणता का? बघा, आमचं काय अडून न्हाई."

आजही मला त्यांचा चेहरा आठवतो. ते तयार होते. नुसतं कुणीतरी हो म्हणायचं होतं.

दादानं माझ्या हातातून कागद घेतला. "आमचा भाऊ मास्तर हाय. कागद दिसला की परीक्षाच काढतो." माणसं हसली. त्यानं ती ओळ शोधली, त्यावर दोनदा रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढं धरला. "कर सही."

मी त्याच्याकडे पाहिलं. पेन धरलेलं त्याचं बोट चिरलेलं होतं, हरभऱ्याच्या खारानं काळं पडलेलं. एसटीच्या खिडकीतून डबा आत देणारा हाच हात. चार माणसांत त्याला खाली बघायला लावणं मला जमलं नाही. खोडलेल्या ओळीखाली मी माझी सही केली, नावापुढं पदवीसकट, नेहमी करतो तशी. सुपारी फुटली.

पंगतीत मी शेवटच्या पानावर बसलो. पोळ्या वाढायला पुतणीच आली. सगळं तिनं आतून ऐकलं असणार, दार उघडंच होतं. माझ्या ताटात पोळी ठेवताना ती वाकली.

"ओळ चांगली होती काका," ती म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे गेली.