विहीणबाईची लापशी

मालक गेल्यावर त्यांच्या जागेवर मला नोकरी लागली, ती शेजारच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात. मी जाफराबादकडच्या खेड्यातली, शेळ्या-म्हशींपलीकडं जनावर माहीत न्हाई. एक कला मात्र अंगात होती. लग्नाच्या पंगतीत विहिणीची खोड काढणारी गाणी म्हणायची. माझ्या टोमण्यांनी विहिणीच्या हातातला घास खाली पडायचा, अन् मंग सगळ्यात जास्त तीच हसायची. ही कला पिंजऱ्यापुढं कामाला येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आमच्याकडं एक अस्वलीण होती. मदाऱ्याकडून सोडवून आणलेली. नाकाला वेसणीचं भोक तसंच. आता तिला कुणी नाचवत नव्हतं, पण बघायला येणारे लोक तोंडानं डमरू वाजवायचे. "ए, नाच की!" एवढं ऐकलं की ती भिंतीकडं तोंड करून बसायची अन् लापशीला शिवायची न्हाई. बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, हिनं खाल्लं तरच वाचेल." मी लोकांवर ओरडून पाहिलं, हात जोडून पाहिले. त्यांना त्याचीच गंमत.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. लापशीचं पातेलं आत सरकवलं, पिंजऱ्याकडं पाठ केली, कमरेवर हात ठेवला अन् सुरू केलं,

"विहीण आली रुसून, बसली भिंतीला टेकून,
अंगभर केस तिला, फणी मोडली विंचरून!"

लोक माझ्याकडं वळले. एक बाप्या म्हणाला, "मावशी, व्याही कुठंय मंग?"

म्हणलं, "हा काय, माझ्यापुढं दात काढून राह्यला!"

असा हशा पिकला म्हणता! अस्वलिणीवर कुणाची नजर राहिली न्हाई. अन् माझ्या पाठीमागं लपालप आवाज सुरू झाला.

तेव्हापासून रिटायर होईस्तोवर रोज हेच. लोक म्हणायचे, ही बाई अस्वलाला हसवती. कशाचं! तिच्यावरच्या नजरा मी माझ्यावर घ्यायची, बस्स.

माझ्या जागेवर आली जुन्या जालन्यातली एक पोरगी. कामाला चोख, पण चार माणसांत बोलायचं म्हणलं की ओढणीचं टोक चावायची. "मावशी, मला न्हाई हो जमायचं."

"अगं, कुणाला तरी नावं ठेवता येतात ना? मंग जमतंय."

परतूरला लेकाकडं राहायला आले खरी, पण ताटावर बसलं की घास अडायचा. अस्वलीण जेवली असंल का? शेवटी एका सकाळी रेल्वे धरली. पदर तोंडावर घेऊन गर्दीच्या मागं उभी राह्यले. पोरगी पातेलं घेऊन आली. टवाळ पोरांनी तोंडानं डमरू धरला. अस्वलीण भिंतीकडं वळली. पोरीची ओढणी दातात! माझ्या ओठावर गाणं आलंच होतं, तेवढ्यात तिनं ओढणी सोडली.

"ऐका हो ऐका! हिची जुनी विहीण परतूरला पळाली! लापशीत गूळ टाकताना हात आखडायची, अन् गाणं मात्र गावाला ऐकू जाईल असं!"

लोक खो खो हसले. मला असा राग आला! गूळ टाकताना मी हात आखडायची? बिलकुल न्हाई! चांगलं सुनवावं म्हणून पाऊल पुढं टाकलं, अन् ध्यानात आलं, आता अस्वलिणीकडं बघणारी मी एकटीच उरलेय.

मंग मीबी पाठ फिरवली. कान तेवढे मागं ठेवले. जरा वेळानं लपालप सुरू झालं.