मोठी पडलेली भोकं

हे मी अजून कुणापुढे बोललेली नाही. नवऱ्यापुढेसुद्धा नाही. तुमची-माझी ओळख ना पाळख, म्हणून कदाचित तोंड उघडतंय.

खोपोलीत शिळफाट्याच्या मागे आमचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक सांगेल त्या मापाचे सर्किट बोर्ड आम्ही करून देतो. बोर्डाला भोकं पाडायचं काम माझं. त्या भोकांतून सुट्या भागांचे तारेसारखे पाय खाली काढायचे आणि मागून सोल्डरने जोडायचे, हे सुगंधाचं. ती डोंगरातल्या ठाकूरवाडीवरून चालत यायची. नवी होती, पण हात — काय सांगू, इतका सफाईदार हात मी पाहिला नव्हता.

आणि मला जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा करून आणला होता, तो पर्समध्येच. का? चष्मेवाल्या बाईला मशीनवरून उठवतील, पॅकिंगला बसवतील — ही भीती. थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोलू. ड्रिलच्या बिटवरचा, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकावरचा, मापाचा बारीक आकडा मी वाचतच नव्हते, अंदाजाने बिट लावायचे.

पाण्याच्या पंपांच्या बोर्डांची ऑर्डर होती, तेव्हा चुकीचं बिट लागलं. भोकं मोठी पडली. भोकाभोवती तांब्याची कडी असते, सोल्डर तिलाच धरतं — ती केसाएवढी उरली. मला कळलं कधी? सगळा लॉट झाल्यावर, बोटाने चाचपताना. तेव्हाच सांगितलं असतं तर? मालक ओरडले असते, बोर्ड फेकून दिले असते, एवढंच. मी बोर्ड सुगंधापुढे सरकवले.

तिच्या लगेच लक्षात आलं. "ताई, पाय हलतात गं. भोक मोठं हाय का?"

आणि मी म्हटलं, "भोक बरोबर आहे. तुझा हात थरथरतो."

तिने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. थरथरत नव्हता. तरी तिने माझंच खरं मानलं, कारण मी जुनी.

बोर्ड परत आले. पंपाच्या हादऱ्यांनी सांधे निखळले होते. भोकांत सोल्डर गच्च भरलेलं, माप कोण बघतो? मालकांनी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, माझा हात थरथरतो. मी शेजारी उभी होते. खाली मान घालून. उद्यापासून येऊ नको, म्हणाले ते तिला.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून कामावर गेले. कुणी चकार शब्द काढला नाही. मशीन माझंच राहिलं.

एवढ्या वर्षांनी परवा ती शिळफाट्याच्या बाजारात भेटली. रानातली कंटोळी विकायला बसली होती. मला पाहून हसली. तिच्या मुलीला रसायनीच्या एका कारखान्यात हेच बोर्ड जोडायचं काम मिळत होतं, हिनेच जाऊ दिलं नाही. "आमचा हात नाय गं त्या कामाचा. तुला तर ठावं हाय."

सांगायचं होतं. देवाशप्पथ, ओठांपर्यंत आलं होतं. ती तराजू हातात उंच धरून माझी कंटोळी तोलत होती आणि काटा जरासुद्धा हलत नव्हता. स्वतःचा तो स्थिर हात तिला कसा दिसत नव्हता? का मीच दिसू दिला नव्हता?

पिशवी माझ्या हातात देताना तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "चष्मा लागला व्हय, ताई? कधीपासनं?"

"यंदाच," म्हटलं मी.