बस्त्यावचा दम

केळीच्या बुंध्याला पिल्लं फुटतात, तसं नाटकातल्या किश्शांचं आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर शेजारी दोन उगवलेले असतात. मी चौथी शिकलेला, गास गावचा, केळी-भाजीची वाडी करणारा माणूस. गावच्या नाटक मंडळात चाळीस वर्षं पडदा ओढतो. पडदा ओढणाऱ्याला नटांची तोंडं कमी आणि पाठी जास्त दिसतात. त्यामुळे अभिनयातलं मला फारसं कळत नाही. पण कुणाला धाप लागलीय, कुणाची कंबर धरलीय, हे सगळ्यांत आधी मला कळतं.

*

आमचे दिग्दर्शक विन्सेंट सर शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाले, तरी शिट्टी गळ्यातच राहिली. तालमीआधी प्रत्येकाने चर्चच्या मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा नियम.

बस्त्याव आमचा मुख्य नट. त्या दिवशी सकाळपासून वाडीला पाणी लावून, भाजी बाजारात पोचवून आलेला. तो म्हणाला, "सर, नाटक पळत करायचंय का?" सरांनी शिट्टी वाजवली. तो पळाला.

तालीम सुरू झाली. दोन वाक्यं झाली आणि सरांनी थांबवलं. "बस्त्याव, तुझ्या वाक्यात दम नाही."

बस्त्याव खांबाला धरून उभा होता. म्हणाला, "होता सर. मैदानात सांडला."

*

रेमी हा आमच्यातला जिमवाला. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या. सरांनी त्याला क्षयरोग्याचं काम दिलं, कारण पाठांतर त्याचंच चांगलं. तो रंगमंचावर खोकायला लागला, तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "याचं असं झालं, तर आपलं काय होईल गं?"

पुढच्या वर्षी त्याला नायक केला. दुसऱ्या अंकात नायिका बेशुद्ध पडते आणि नायक तिला उचलून नेतो. नायिका टेरेझा, पाचूबंदरची कोळीण. लहानपणापासून डोक्यावर म्हावऱ्याच्या टोपल्या वाहिलेली. रेमी वाकला, तिला अर्धी उचलली आणि तिथेच थांबला. कमरेत लचक भरली होती. ना खाली बसता येई, ना सरळ होता येई.

टेरेझाने एक डोळा उघडून पाहिलं. मग उठली, त्याला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता म्हणाली, "बेशुद्ध मी पडले, पण घरी तुलाच पोचवते."

टाळ्या एवढ्या पडल्या, की पुढच्या प्रयोगांत सरांनी तसंच ठेवलं.

*

जूचंद्र गावात प्रयोग होता. तिथली माणसं पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत. प्रयोगाआधी पंगत बसवली. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. बस्त्याव पुरे म्हणाला, की घरची बाई म्हणायची, "अजून एक घे रं भावा, पानी मंग पी."

पहिल्याच प्रवेशात त्याला गुरूच्या पाया पडायचं होतं. तो गुरूसमोर आला, अर्धा वाकून पाहिलं, पुन्हा सरळ झाला आणि म्हणाला, "गुरुजी, आशीर्वाद उभ्यानेच घेतो. खाली आलो, तर शिष्य परत मिळायचा नाही."

*

माझंही सांगतो. पडदा ओढून ओढून उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तपासलं आणि व्यायाम दिला. दाराला कप्पी लावायची, तिच्यातून दोरी सोडायची आणि रोज वर-खाली ओढायची. मी म्हटलं, "डॉक्टर, हे मी चाळीस वर्षं करतोय."

ते म्हणाले, "मग ते आधी बंद करा. आणि हे चालू करा."

*

तीन वर्षांपूर्वी बस्त्यावच्या छातीत दुखलं. ऑपरेशन झालं. घरी आला, तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती. त्याची बायको फिलू मंडळात येऊन सरांना शांतपणे सांगून गेली, की आता नाटक बंद.

तरी तो तालमीला यायचा. माझ्याजवळ विंगेत बसायचा आणि सगळ्यांची वाक्यं ओठातल्या ओठात म्हणायचा. एकदा मला म्हणाला, "दादा, छाती बरी झाली रे. आता ती रिकामी वाटते." मी त्याला चहा दिला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. तो रोज सकाळी गासहून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत जायचा. मागून फिलू स्कूटीवर, त्याच्याच चालीने. लोकांना वाटायचं भांडण झालंय. वर्षभराने तो तिच्या पुढे जायला लागला. तेव्हा कुठे ती नरमली, पण अटी घातल्या. पळायचं नाही, ओरडायचं नाही, रडायचं नाही.

सरांनी अटी बोटांवर मोजल्या. मग म्हणाले, "अशी एक भूमिका आहे. प्रेताची."

अख्खा तिसरा अंक घरातला कर्ता माणूस मरून पडलेला असतो आणि भोवती वाटणीवरून भांडणं चालतात. बस्त्यावने ती भूमिका नायकाची असावी तशी घेतली. ओटीवर उताणा पडून पोटावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि पाणी हलणार नाही असा श्वास घ्यायला शिकायचा. पहिल्या आठवड्यात रोज भिजला. महिन्याभराने पेला जागचा हलेना.

प्रयोगाला सगळं गाव आलं. फिलू पहिल्या रांगेत, हातात रोझरीची माळ. तिसऱ्या अंकाचा पडदा मी उघडला. बस्त्याव पडलेला होता, पांढऱ्या चादरीखाली, चेहरा तेवढा उघडा. विंगेतून मी त्याची छाती पाहत होतो. हलत नव्हती.

टेरेझा नाटकात त्याची बायको झाली होती. ती रडत त्याच्याजवळ बसली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून फिलू उभी राहिली.

"अहो, श्वास घ्या!"

सरांची शिट्टी तोंडात तशीच. मी दोरीला हात घातला.

प्रेताने डोळे मिटूनच सांगितलं, "घेतोय गं. तू बस."

फिलू बसली. टेरेझाने पदर डोळ्यांना लावला आणि वहीत लिहिलेलं पुढचं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं, "गेले हो! एक शब्दही न बोलता गेले!"