टाकी भरल्याची बोंब

रोह्याच्या इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनच्या वर्गात सगळ्यांत वाईट सोल्डरिंग कोणाचं, असं विचारलं की मितेश स्वतःच हात वर करायचा. निदान इथे तरी आपला पहिला नंबर कोणी हिसकावत नाही, म्हणायचा. गाव विचारलं की मात्र "पेण" म्हणून मोकळा. खरं घर पुढे धरमतरच्या खाडीवर, बाप विठू मिठागरावर राबणारा. दोन वर्षं त्याने हे वर्गात कळू दिलं नव्हतं. स्वतःवर हसायला तो तयार होता, पण बापाच्या कामाची त्याला लाज वाटत होती, दुसरं काय!

शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने स्वतः बनवलेला टाकीचा अलार्म चालवून दाखवायचा होता. पास झाला तर नागोठण्याला कंपनीत नोकरी, नापास झाला तर मिठागर. आदल्या संध्याकाळी मितेशचा बोर्ड ठणठणीत होता. परीक्षेत बटण दाबलं आणि पाण्याचा थेंब नसताना त्याने टाकी भरल्याची बोंब ठोकली.

ट्रान्झिस्टर बदलला, जोड तपासले, बोंब थांबेना. त्याने वीज बंद केली आणि सवयीने बोर्डावर बोट फिरवून चाखलं. खारट! एसटीत धक्के लागू नयेत म्हणून शहाण्याने बोर्ड घरातल्या गोणपाटात गुंडाळून आणला होता, आणि गोण होती मिठाची; ओल धरलेल्या मिठातून वीज वाहत होती. स्पिरिट लावून ब्रशने घासला, सुकवला, तशी बोंब बंद. तारा पाण्यात बुडवल्या की वाजला, काढल्या की गप्प.

"फॉल्ट कसा सापडला?" परीक्षक समीक्षा मॅडमनी विचारलं.

"हाताचा घाम सांग," शेजारचा सुशील कुजबुजला.

मितेशने तोंड उघडलं, पण घाम काही बाहेर पडेना.

"मॅडम, मीठ हाय. चाखून बघितलं. माझा बाप मिठागरावर हाय. पाण्यात बोट बुडवून चाखतो नि सांगतो, मीठ कवा धरंल."

वर्ग खदाखदा हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं आणि विचारलं, "वडिलांचा अंदाज कधी चुकतो का?"



"नाय मॅडम. ते नाय चुकत. दोन वर्षं मीच चुकलो."